जिंकलेली एकच लढाई

ब्रिटनचा राजपुत्र विल्यम ऑगस्टस, ड्यूक ऑफ कंबरलँड, मुख्य सेनापती म्हणून चार मोठ्या लढाया लढला. तीन हरला, एक जिंकला. फाँतनॉय, लाउफेल्ड आणि हास्टेनबेक ही हरलेल्या लढायांची नावं आज लष्करी इतिहासाचं वेड असलेल्या माणसांपलीकडे फारसं कुणी घेत नाही. जिंकलेली एक स्कॉटलंडमधल्या कलोडनची, 16 एप्रिल 1746. त्या एका विजयाने त्याला ‘खाटीक’ हे नाव चिकटलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. हरलेलं सगळं लोकांनी पोटात घातलं आणि जिंकलेलं तेवढं लक्षात ठेवलं. असा उलटा हिशेब इतिहासात क्वचित दिसतो, आणि मी या माणसाच्या मागे लागलो तो त्यापायीच.

मागे लागलो म्हणजे त्याच्या प्रेमात पडलो असं नाही. या माणसाच्या प्रेमात पडणं अवघडच आहे. पण राक्षस म्हणून एकदा शिक्का मारला की माणूस वाचायचा राहून जातो, आणि वाचला तर तो राक्षसापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

15 एप्रिल 1721 रोजी लंडनच्या लेस्टर हाउसमध्ये तो जन्मला. वडील तेव्हा युवराज होते, पुढे दुसरे जॉर्ज म्हणून गादीवर आले. थोरल्या फ्रेडरिकला आईवडिलांनी 1714 साली, सात वर्षांचा असताना, जर्मनीतल्या घराण्याच्या मूळ राज्यात, हनोव्हरलाच मागे ठेवलं होतं. तो इंग्लंडला आला 1728 मध्ये, एकविशी गाठलेला परका तरुण होऊन. त्याचं आणि आईवडिलांचं कधीच जमलं नाही. सगळी माया गेली धाकट्या विल्यमकडे. चौथ्या वर्षी ऑर्डर ऑफ द बाथचा सन्मान, पाचव्या वर्षी ड्यूक. थोरल्याला हनोव्हर देऊन ब्रिटनची गादी धाकट्याला देता येईल का, याचीही घरात चाचपणी झाली. राजघराण्यातली भाऊबंदकी आपल्याला नवी नाही. फक्त इथे काकांच्या जागी खुद्द जन्मदाते होते.

त्याला आरमारात घालायचं ठरलं होतं. 1740 मध्ये तो ॲडमिरल नॉरिसच्या ताफ्यात स्वयंसेवक म्हणून गेलाही. पण वारा काही केल्या अनुकूल होईना, जहाजं निघत आणि परत येत. कंटाळून पोराने समुद्राचा नाद सोडला आणि पायदळाचा रस्ता धरला. तिथे मात्र तो रमला. कवायत, शिस्त, गणवेशाची बटणं, रसदेचे आकडे या सगळ्यात त्याला खरा रस होता. राजपुत्र असून काम करायचा, हे त्याचे वैरीसुद्धा मान्य करत.

27 जून 1743 ला जर्मनीत मेन नदीकाठी डेटिंगेनची लढाई झाली. ब्रिटनच्या राजाने स्वतः रणांगणावर सैन्याचं नेतृत्व केलं, अशी ही शेवटची लढाई. बापाबरोबर बावीस वर्षांचा विल्यमही होता. त्याच्या पायात गुडघ्याखाली गोळी घुसली. ती जखम त्याला जन्मभर छळत राहिली. पण त्या दिवसाची एक गोष्ट फार सांगितली जायची. शस्त्रवैद्य त्याची जखम बघायला आला तेव्हा शेजारी एक फ्रेंच सैनिक विव्हळत पडला होता. राजपुत्र म्हणाला, आधी त्याचं बघा, त्याला जास्त लागलंय. मला कोणी तरी येईलच.

ही गोष्ट थोडीफार रंगवलेली असेल. तरी ती खोटी मानायचं मला कारण दिसत नाही, कारण ती त्याच्या स्वभावात बसते. त्या काळच्या युरोपात राजेलोकांच्या लढायांचा एक शिष्टाचार होता. शत्रू सैन्यातला अधिकारी हा सभ्य गृहस्थ. तो शरण आला की त्याला वचनावर सोडायचं, जखमी झाला तर मलमपट्टी करायची, संध्याकाळी जेवायलाही बोलवायचं. विल्यम या शिष्टाचारात वाढला होता आणि तो मनापासून पाळत होता. हे ध्यानात ठेवायचं.

चोविसाव्या वर्षी तो फ्लँडर्समधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या, ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांच्या सैन्याचा सरसेनापती झाला. समोर फ्रान्सचा मार्शल द साक्स, त्या काळातला पहिल्या प्रतीचा सेनापती. जलोदराने इतका फुगलेला की वेताच्या खुर्चीवरून त्याला रणांगणात हिंडवावं लागे. 11 मे 1745 ला फाँतनॉयला या आजारी माणसाने तरण्याबांड राजपुत्राला धूळ चारली. ब्रिटिश आणि हनोव्हरच्या पायदळाची भलीमोठी रांग तोफांच्या माऱ्यातून फ्रेंच फळीच्या आत घुसली, पण पुढे काय करायचं याचं उत्तर सेनापतीकडे नव्हतं. धैर्य होतं, डाव नव्हता. त्याच्या सगळ्या लढायांबद्दल हे एक वाक्य पुरेल.

त्या दिवशी त्याच्या हाताखाली हायलँडर्सची, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या माणसांची, एक पलटण होती, पुढे ब्लॅक वॉच म्हणून जगप्रसिद्ध झालेली. तिला त्याने आपल्या पद्धतीने लढायची मुभा दिली होती. समोरून गोळ्यांची फैर आली की जमिनीवर पडायचं, ती डोक्यावरून गेली की उठून झाडायचं आणि तलवार घेऊन धावायचं. ते पाहून तो खूश झाला, त्यांची वाखाणणी केली. मे 1745. पुढच्या एप्रिलला अजून अकरा महिने होते.

जुलैमध्ये चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका लहानशा बेटावर उतरला. त्याच्या आजोबांना, दुसऱ्या जेम्सला, 1688 मध्ये गादीवरून घालवून दिलं होतं. नातू ती परत घ्यायला आला होता. 19 ऑगस्टला ग्लेनफिनन इथे त्याने झेंडा उभारला, सप्टेंबरात प्रेस्टनपॅन्सला सरकारी फौज मोडली, आणि 4 डिसेंबरला तो डर्बीला पोचला. लंडन तिथून सव्वाशे मैलांवर. राजधानीत घबराट उडाली. मग त्याच्याच सरदारांनी परत फिरायचा निर्णय घेतला. इंग्लंडमधून अपेक्षेइतके लोक येऊन मिळाले नव्हते, फ्रेंच मदतीचा पत्ता नव्हता.

चार्ल्सचा जन्म रोममध्ये 31 डिसेंबर 1720 चा. म्हणजे विल्यमपेक्षा काही महिन्यांनीच मोठा. दोघंही पहिल्या जेम्स राजाचेच वंशज. एकाच घराण्याच्या दोन फांद्यांवरचे दोन पंचविशीतले तरुण, दोघांच्याही मागे गादीवर डोळा ठेवून बसलेला किंवा गादी सांभाळून बसलेला बाप. पुढे गाणी झाली ती चार्ल्सवर. तो देखणा होता आणि हरला, आणि गाण्यांना एवढं पुरतं.

माझी भाची काही वर्षं स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला होती. नवरा तेलाच्या धंद्यातला, त्यामुळे तिथे मराठी घरं बऱ्यापैकी आहेत, गणपतीला मोदकही होतात. तिच्याकडे गेलो असताना मी शहरातलं प्रोव्होस्ट स्कीन्स हाउस शोधत गेलो. काचेच्या नव्या कचेऱ्यांच्या मधोमध चेपून उभं असलेलं, मनोऱ्यांचं, राखाडी दगडाचं जुनं घर. एके काळी याला कंबरलँड हाउस असंच म्हणत, कारण 1746 मध्ये फेब्रुवारीअखेर ते 8 एप्रिलपर्यंत ड्यूकचा मुक्काम या भागात होता. त्याचा सहकारी जनरल हॉली शेजारच्याच एका बाईंच्या घरी उतरला होता. जाताना त्याने त्यांची चिनी भांडीकुंडी, कपडेलत्ते बांधून नेले, आणि बाईंनी त्याची वस्तूवार तक्रार लिहून ठेवली. इतिहासात मला असल्या याद्या फार आवडतात. लढाईचे आकडे फुगतात, पण गेलेल्या बश्यांचा हिशेब बाई चुकवत नाहीत.

या सहा आठवड्यांत कंबरलँडने जे केलं ती त्याची खरी कामगिरी, असं मला वाटतं. त्याच्या शिपायांच्या मनात हायलँडर्सच्या धडकेची दहशत बसली होती. आरडाओरडा करत, उघड्या तलवारी परजत डोंगराळी माणसं अंगावर आली की सरकारी फळी कोसळायची. प्रेस्टनपॅन्सला तेच झालं होतं, जानेवारीत फॉलकर्कला हॉलीचंही तेच झालं होतं. हायलँडरच्या डाव्या हाताला गोल ढाल, उजव्या हातात तलवार. समोरून संगीन खुपसली तर ती ढालीवर अडकते आणि तेवढ्यात तलवार खाली येते. म्हणून नवी कवायत शिकवली गेली. आपल्या समोरच्याकडे बघायचंच नाही. आपल्या उजवीकडच्या सोबत्यावर जो चालून येतोय त्याच्या उचललेल्या हाताखाली, उघड्या काखेत संगीन मारायची. तुझ्या अंगावर येणाऱ्याला तुझ्या डावीकडचा बघून घेईल.

या डावपेचाचा प्रत्यक्ष लढाईत किती उपयोग झाला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. धुमश्चक्रीत डावं-उजवं कोण मोजतं? पण कवायतीचा परिणाम वेगळाच होता. अंगावर मरण धावत येत असताना त्याच्याकडे पाठ न फिरवता शेजाऱ्याचा जीव वाचवायचा, आणि आपला जीव दुसऱ्या शेजाऱ्याच्या हवाली करायचा. हे ज्याला सहा आठवडे घोटून घोटून शिकवलं, तो शिपाई पळत नाही. चार्ल्सकडे असला शिक्षक नव्हता. त्याच्याकडे शूर माणसं होती आणि पीठ संपलं होतं.

15 एप्रिलला कंबरलँडचा पंचविसावा वाढदिवस. छावणी नेर्नला होती. सैन्याला ब्रँडी वाटली गेली. शत्रू झिंगून झोपला असेल तर रात्रीच गाठू, म्हणून चार्ल्सचे लोक अंधारात बारा मैलांच्या चालीवर निघाले. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या पोटात एक बिस्किट गेलेलं. दलदलीतून वाट सापडेना, पहाट व्हायला आली तरी छावणी लांबच. तसेच उलट्या पावली परतले आणि माळावर जिथे जागा मिळाली तिथे आडवे झाले. दोनतीन तासांत सरकारी नगाऱ्यांचा आवाज आला.

कलोडनचा माळ मी पाहिला तेव्हा पाऊस नव्हता, वारा मात्र होता. सपाट, ओलसर, हेदर नावाच्या झुडपाने भरलेली जमीन. निळे झेंडे लावलेत ती बंडवाल्यांची फळी, लाल झेंडे लावलेत ती सरकारची. मधलं अंतर चालून बघावं. पाय रुततात. त्या दिवशी पाऊस आणि बर्फाचा मारा धावणाऱ्यांच्या तोंडावर होता. बंडवाल्यांकडे पाच हजारांच्या आसपास माणसं, सरकारकडे आठ हजार. आणि सरकारी फौज म्हणजे इंग्रज, बंडवाले म्हणजे स्कॉटिश, असंही नव्हतं. कंबरलँडच्या बाजूला स्कॉटिश पलटणी होत्या, कॅम्बेल कुळाचे हायलँडरही होते. नंतरच्या लोकांनी ती राष्ट्राराष्ट्राची लढाई करून टाकली. तेव्हा ती घराघरांतली होती.

दुपारी एकच्या सुमाराला तोफा सुरू झाल्या. चार्ल्सच्या बाजूने धावा करायचा हुकूम वेळेवर सुटेना, आणि माणसं उभ्या उभ्या मरत राहिली. अखेर धावले तेव्हा सरकारी तोफांनी गोळे बदलून छर्रे भरले होते. तरीही उजव्या बगलेचे लोक बॅरेलच्या पलटणीपर्यंत पोचले, तिची फळी फोडून आतही घुसले. मागे दुसरी फळी तयार होती. तासाभराच्या आत सगळं आटोपलं. बंडवाल्यांचे दीड ते दोन हजार मेलेले आणि जखमी, सरकारच्या दप्तरात ठार 50.

लढाई म्हणून एवढंच. यासाठी कुणी कुणाला खाटीक म्हणत नाही.

खाटिकाचं काम नंतर सुरू झालं. मैदानावर पडलेल्या जखमींना त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस शोधून संगिनींनी, बंदुकांच्या दस्त्यांनी मारलं गेलं. इन्व्हर्नेसच्या रस्त्यावर रिसाल्याने पळणाऱ्यांबरोबर नुसतं बघायला आलेल्यांनाही कापलं. दुसऱ्या दिवशीच्या हुकमात कंबरलँडने आसपासच्या झोपड्या धुंडाळायला सांगितलं आणि पुढे एक वाक्य जोडलं: बंडखोरांनीही काल आपल्याला जीवदान देऊ नये असा हुकूम काढला होता, हे अधिकाऱ्यांनी आणि शिपायांनी ध्यानात घ्यावं. ‘मारा’ असं त्याने लिहिलं नाही. ध्यानात घ्या म्हणाला. आणि शत्रूचा तो तथाकथित हुकूम मागून घुसडलेला असावा, असंच बहुतेक अभ्यासक मानतात.

आता डेटिंगेनच्या त्या फ्रेंच जखमीकडे परत या. कलोडनला चार्ल्सच्या बाजूने फ्रान्सच्या राजाच्या चाकरीतले काही शेकडा सैनिकही लढले होते, आयरिश आणि स्कॉटिश वंशाचे, पण फ्रेंच गणवेशातले. ते शरण आले. त्यांना युद्धकैदी म्हणून रीतसर वागवलं गेलं. मैदान तेच, दुपार तीच, सेनापती तोच. फ्रेंच कोट घातलेल्याला जीवदान आणि चौकड्यांचं उपरणं पांघरलेल्याला संगीन. कारण पहिला शत्रू होता आणि दुसरा बंडखोर. शत्रूला नियम लागू, बंडखोराला नाहीत. विल्यमच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत कधी झालीच नसावी. तो पिसाळलेला नव्हता. त्याच्या लेखी तो कायदा पाळत होता.

मला या माणसात हेच सर्वांत जास्त बोचतं. क्रूर माणूस समजायला सोपा असतो. पण ज्याच्यापाशी करुणा आहे, आणि ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही याची यादीही तयार आहे, त्याचं काय करायचं? स्कॉटलंडच्या न्यायालयाचे प्रमुख डंकन फोर्ब्स सरकारपक्षाचे. कित्येक कुळांना बंडापासून दूर ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि रणांगणही त्यांच्याच जमिनीलगत. ते कायद्याची आणि दयेची गोष्ट काढू लागले, तर ‘माणुसकीच्या गोष्टी करणारी ती म्हातारी’ अशी ड्यूकने त्यांची टर उडवली म्हणतात.

मे महिन्यात त्याने तळ हलवला फोर्ट ऑगस्टसला. हा किल्ला तो लहान असताना त्याच्याच नावाने बांधलेला. तिथून दऱ्यादऱ्यांत तुकड्या पाठवल्या. घरं जाळली, नांगर मोडले, गुरं हाकून आणली. हजारो गुरं किल्ल्याशी गोळा झाली आणि दक्षिणेकडच्या व्यापाऱ्यांना विकली गेली. ज्या मुलखात गाय हेच धन, तिथे गाय नेली की पुढचा हिवाळा आपोआप शिक्षा देतो. जुलैत लंडनच्या मंत्र्याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, आपण थोडंसं रक्त काढलंय, त्याने वेडाचा जोर कमी झाला, पण रोग बरा झालेला नाही. त्या काळचे वैद्य असंच रक्त काढत. त्याला स्वतःत वैद्य दिसत होता.

कैदी सुमारे साडेतीन हजार. सगळ्यांवर खटले चालवणं शक्य नव्हतं. मग सामान्य कैद्यांनी चिठ्ठ्या काढायच्या, वीसांतल्या एकाने खटल्याला उभं राहायचं आणि बाकीच्या एकोणिसांनी समुद्रापार जाण्यासाठी दयेचा अर्ज करायचा, अशी सोय निघाली. मी त्या खोलीची कल्पना करून पाहतो. वीस माणसं, वीस कागद. एकशेवीसच्या आसपास लोक फासावर किंवा कुऱ्हाडीखाली गेले, नऊशेवर माणसं वसाहतींत रवाना झाली. कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार कायद्याने काढून घेतले. किल्ट हा घागऱ्यासारखा पोशाख आणि टार्टन हे चौकड्यांचं कापड घालायला बंदी आली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं काळं पाणी. सूट फक्त एकाला, सरकारी सैन्यात भरती होईल त्याला.

ही सूट वरवर किरकोळ दिसते, पण पुढचा सगळा इतिहास तिच्यातून निघाला. बापजाद्यांचे कपडे घालायचे तर इंग्लंडच्या राजाचं मीठ खा. दहाअकरा वर्षांत हायलँड पलटणींची भरती जोरात सुरू झाली. पुढे क्वेबेक जिंकून मेलेला जेम्स वूल्फ कलोडनला हॉलीच्या हाताखाली होता. त्याने हायलँडर्सबद्दल एका पत्रात लिहिलंय की ही माणसं कणखर आहेत, निधडी आहेत, आणि मेली तरी मोठंसं बिघडत नाही.

ही भरती फिरत फिरत आपल्या अंगणात येऊन पोचली. 8 ऑगस्ट 1803 ला वेलस्लीने अहमदनगरच्या पेठेवर हल्ला केला. शिड्या लावून तटावर चढण्यात 78 वी हायलँडर पलटण पुढे होती. रॉसशरच्या मॅकेंझी सरदाराने 1793 मध्ये उभारलेली, गेलिक बोलणाऱ्या माणसांनी भरलेली. वेलस्लीच्या छावणीत पेशव्यांच्या बाजूचे गोखले होते. त्यांचे उद्गार इंग्रजांनी मोठ्या कौतुकाने नोंदवून ठेवलेत: हे इंग्रज अजब लोक आणि त्यांचा सरदारही अजब. सकाळी आले, पेठेची भिंत पाहिली, तिच्यावरून चालत गेले, आतल्यांना मारलं आणि न्याहारीला परत आले. गोखल्यांना ते इंग्रज दिसले. ज्यांच्या आजोबांची घरं इंग्लंडच्या राजपुत्राने जाळली त्यांचे हे नातू असतील, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. पुढच्याच महिन्यात, 23 सप्टेंबरला, भोकरदनजवळ असईला केळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या पट्ट्यात 78 वी आणि 74 वी या दोन हायलँडर पलटणी शिंद्यांच्या तोफांसमोर गेल्या. 74 वी गावाच्या रोखाने भरकटली आणि जवळजवळ कापली गेली. तोफांकडे चालत जाणारी तीच माणसं, फक्त तोफा आता मराठ्यांच्या.

पण मी विल्यमला सोडून फार पुढे आलो.

कलोडननंतर लंडनने त्याला डोक्यावर घेतलं. पार्लमेंटने सालाना 25,000 पौंडांची वाढ दिली. खानावळींच्या पाट्यांवर त्याचं चित्र आलं. हँडेलने त्याच्या विजयाच्या निमित्ताने ‘जुडास मॅकाबियस’ हे भव्य संगीत रचलं, 1747 मध्ये ते कॉव्हेंट गार्डनला झालं. आणि त्याच सुमाराला, शहरातल्या एखाद्या व्यावसायिक संघाचं मानद सदस्यत्व ड्यूकला द्यावं अशी सूचना आली, तेव्हा एक नगरपिता म्हणाला, मग खाटिकांच्या संघाचंच द्या. हे नाव स्कॉटलंडने नव्हे, लंडनने ठेवलं. तेही मुख्यतः त्याच्या भावाच्या पक्षातल्या लोकांनी चघळून चघळून मोठं केलं. 1751 मध्ये फ्रेडरिक वारला तेव्हा रस्त्यात लोक हळहळले, अरेरे, त्याच्या जागी तो खाटीक का नाही गेला!

मग त्याची भीतीही वाटू लागली. फ्रेडरिकचा मुलगा जॉर्ज आता वारस, वय लहान, आणि काका सैन्याचा सरसेनापती. राजा अज्ञान असेल तर कारभार पाहणाऱ्याच्या जागी बसवायला पार्लमेंटने काका नाकारला, मुलाची आई पसंत केली. एकदा हा पुतण्या काकांकडे गेला असताना काकाने भिंतीवरची तलवार काढून त्याला कौतुकाने दाखवली. पोरगं पांढरंफटक पडलं, त्याला वाटलं आता मारतो. काकाला ते फार लागलं. आपल्याकडे शनिवारवाडा पाहून आलेल्या कुणालाही त्या पोराची भीती समजावून सांगावी लागणार नाही, पण इथे काकाच्या मनात खरंच काही नव्हतं. मुलाला असं काय काय शिकवून ठेवलंय, असं तो म्हणाला.

1747 मध्ये लाउफेल्डला साक्सने त्याला पुन्हा हरवलं. पुढच्या दहा वर्षांत तो जाड होत गेला, घोड्यांवर आणि मुष्टियुद्धांवर पैसे लावत राहिला. 1750 मध्ये त्याचा आवडता मल्ल जॅक ब्रॉटन जॅक स्लॅककडून हरला आणि ड्यूकचे दहा हजार पौंड बुडाले असं सांगतात. स्लॅकचा मूळ धंदा खाटकाचा! असल्या योगायोगाची गोष्ट कुणी रचली असती तर मी नाक मुरडलं असतं.

1757 साली हनोव्हर वाचवायला त्याला पुन्हा रणांगणात पाठवलं. 26 जुलैला हास्टेनबेकला मोठी गंमत झाली. दोन्ही सेनापतींना एकाच वेळी वाटलं की आपण हरतोय. कंबरलँडच्या अधिकाऱ्यांनी शत्रूच्या बगलेवर जोरदार मुसंडी मारली होती, फ्रेंच सेनापती माघारीचा विचार करू लागला होता, पण कंबरलँड आधीच निघालेला. सप्टेंबरात क्लोस्टरझेवनला त्याने फ्रेंचांशी तह केला आणि हनोव्हर त्यांच्या हातात राहिलं. तह करायचे अधिकार बापानेच लेखी दिले होते. तो लंडनला परतला तेव्हा दुसरे जॉर्ज भर दरबारात म्हणाले, हा बघा माझा मुलगा, याने माझा सत्यानाश केला आणि स्वतःच्या तोंडाला काळं फासलं. मंत्री थोरल्या पिटचं आणि ड्यूकचं हाडवैर, पण राजा ‘मी त्याला असे हुकूम दिलेच नव्हते’ म्हणाला तेव्हा पिटच उत्तरला: अधिकार मात्र पूर्ण दिले होते, महाराज, अगदी पूर्ण.

कंबरलँडने बापाला उघडं पाडलं नाही. कागद दाखवले असते तर तो सुटला असता. त्याने सगळ्या लष्करी पदांचे राजीनामे दिले आणि विंडसरला निघून गेला. त्याच्या आयुष्यातली मला सर्वांत आवडलेली कृती हीच. ती कुणाच्या लक्षात नाही. बंगालमध्ये प्लासी होऊन तेव्हा चारच महिने झाले होते.

पुढे पुतण्या राजा झाला, तिसरा जॉर्ज. ज्या काकाची त्याला भीती घातली होती, त्याच काकाला 1765 मध्ये त्याने नवं मंत्रिमंडळ जुळवून द्यायला बोलावलं. रॉकिंगहॅमचं सरकार त्याने बांधलं, मंत्र्यांच्या बैठका त्याच्या घरी होऊ लागल्या. 31 ऑक्टोबरला तो अचानक गेला. वय 44. लग्न केलं नव्हतं.

लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमध्ये 1770 साली त्याचा सोनेरी मुलाम्याचा, शिशाचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला. 1868 मध्ये तो काढून टाकला. रिकामा चौथरा तेवढा राहिला. 2012 मध्ये एका कोरियन शिल्पकर्तीने त्या चौथऱ्यावर त्याच पुतळ्याची प्रतिकृती उभी केली, साबणाची. लंडनच्या पावसात ड्यूक हळूहळू विरघळत राहिला आणि त्याचा वास सुटायचा.

घोड्यांचं मात्र सांगायलाच हवं. विंडसरला त्याने जातिवंत घोड्यांची पैदास मांडली होती, आणि यात त्याची नजर युद्धापेक्षा फार सरस निघाली. 1 एप्रिल 1764 ला, सूर्यग्रहणाच्या दिवशी, तिथे एक शिंगरू जन्मलं. नाव ठेवलं एक्लिप्स. ते धावताना पाहायला ड्यूक जगला नाही. त्याच्या मागे लिलाव झाला आणि स्मिथफिल्डच्या जनावरांच्या बाजारातल्या वाइल्डमन नावाच्या व्यापाऱ्याने ते 75 गिनींना उचललं. एक्लिप्स अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. आज जगातल्या थरोब्रेड घोड्यांपैकी सुमारे 95 टक्क्यांची पितृवंशावळ त्याच्यापाशी जाऊन पोचते.

माझ्या एका मामांना रेसचा नाद होता. पावसाळ्यात पुण्याला, हिवाळ्यात महालक्ष्मीला. पॅडॉकच्या कठड्याला रेलून, हातातल्या पुस्तकात पेन्सिलीने खुणा करत ते घोड्याच्या बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव तोंडपाठ सांगायचे, आणि बहुतेक वेळा पैसे घालवायचे. मागे मागे जात एक्लिप्सपर्यंत गेलं तर तिथे पैदास करणाऱ्याच्या रकान्यात ‘ड्यूक ऑफ कंबरलँड’ असं सापडतं. मामांना कलोडन माहीत नव्हतं. ड्यूक माहीत होता, आणि त्याच्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं.